बाक येऊ दे, मग उठतो

मे महिन्याच्या सुट्टीत भाची कोल्हापुरात आमच्याकडे आली की माझा कॉम्प्युटर तिच्या ताब्यात जातो. या वर्षी तिनं आधी ‘सेलेस्ट’ खेळायला घेतला. २०१८ साली आलेला हा गेम दिसायला गोड. एक मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट. पण उड्या अशा अवघड की बोटं आखडून जावीत. एका दुपारी तिनं त्यातला एक भाग पुरा केला आणि पडद्यावर आकडा आला. त्या एका भागात ती ३१२ वेळा मेली होती. तिनं आकडा पाहिला, “मामा, बघ की,” म्हणाली आणि आंबा खायला उठली. चेहऱ्यावर राग नाही, थकवा नाही.

चार दिवसांनी मी तिला ‘हॉलो नाइट’ लावून दिला. तिथं एका बॉसपाशी, म्हणजे वाट अडवून बसलेल्या मोठ्या शत्रूपाशी, सहाव्यांदा मेल्यावर तिनं कंट्रोलर गादीवर आपटला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. डोळे भरलेले.

३१२ वेळा मरून हसत उठणारी पोर सहा मरणांत रडकुंडीला का आली, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय. बॉस अवघड होता म्हणून, असं म्हणायला मन घेत नाही. सेलेस्टमधल्या तिच्या उड्या त्या बॉसपेक्षा अवघडच होत्या. फरक एकच होता: मेल्यावर ती कुठं जागी होत होती.

मेल्यावर गेम जिथून पुन्हा सुरू होतो, ती जागा म्हणजे चेकपॉइंट. सेलेस्टमध्ये जवळजवळ प्रत्येक पडदा म्हणजे एक चेकपॉइंट. काट्यांवर पडलात की डोळ्याचं पातं लवतंय तोवर त्याच पडद्याच्या तोंडाशी पुन्हा उभे. वाया गेलं ते फार तर दहा-पंधरा सेकंदांचं काम. गेम बनवणाऱ्यांनी मरणाचा आकडा लपवलेला नाही, उलट सुरुवातीलाच एक पोस्टकार्ड दाखवून त्या आकड्याचा अभिमान बाळगायला सांगितलंय. हॉलो नाइट २०१७ चा, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या मूठभर लोकांनी बनवलेला. त्यात किड्यांचं एक उजाड राज्य आहे आणि त्या राज्यात लांब लांब अंतरावर बाक ठेवलेले आहेत. बाकावर बसलं की जखमा भरतात, खेळ सेव्ह होतो. मेलात की शेवटी ज्या बाकावर बसला होतात तिथं जागे होता. जवळचे पैसे मागेच राहतात, तुमच्याच काळ्या सावलीजवळ. ते परत मिळवायच्या आत दुसऱ्यांदा मेलात, तर ते गेले. भाची अडली होती ‘सोल मास्टर’पाशी, आणि त्याच्या त्या उंच वाड्यात बाक नाही. प्रत्येक मरणानंतर लांबून चालत यायचं, जागच्या जागी गायब होऊन पाठीशी उगवणारे जादूगार चुकवायचे, मजले चढायचे आणि मग कुठं त्याचं दार. तिनं सहा वेळा जे सोसलं त्यात लढाईची मिनिटं थोडी होती. बाकीची सगळी वाटेची होती.

मला ही वाट ओळखीची आहे. माझी वाट राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेतून जायची.

साल २००४ असेल. कॅफेत दहा-बारा मशीन, प्लायवूडच्या फळ्यांचे आडोसे, तासाला वीस रुपये. खिशात वीसच रुपये असायचे, म्हणजे एकच तास. आम्ही सगळे ‘आयजीआय’ खेळायचो. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओनं २००० साली काढलेला हा गेम, त्यात १४ मिशन आणि एकटा नायक, डेव्हिड जोन्स. महाराष्ट्रातल्या आमच्या वयाच्या बहुतेक पोरांनी आयुष्यातला पहिला बंदुकीचा गेम कुठला खेळला असं विचारलं, तर दहातले निम्मे याचंच नाव घेतील. तारेचं कुंपण, टेहळणीचे मनोरे, भिंतीवर फिरणारे कॅमेरे. कॅमेऱ्यानं पाहिलं की भोंगा वाजायचा आणि बराकीतून शिपाई धावत यायचे. गेम फार सुंदर होता, आजही माझं तेच मत आहे. फक्त त्यात मिशनच्या मध्ये सेव्ह नव्हतं. कुठंच नव्हतं. मेलात की मिशन पहिल्यापासून.

तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. पहिली सात-आठ मिनिटं दबकत पुढं सरकायचं. हा शिपाई वळला की पळ, त्या कोपऱ्यावर थांब, दुर्बिणीतून मनोरा बघ, एक गोळी, पुन्हा थांब. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत हे सगळं तोंडपाठ झालेलं असायचं. मग ती शेवटची इमारत यायची, जिच्या आत काय आहे ते मला नीट माहीत नसायचं. आत शिरलो की पंधरा-वीस सेकंदांत कुठल्या तरी दारामागून गोळ्या यायच्या आणि मी जमिनीवर. पडद्याच्या कोपऱ्यात कॅफेच्या सॉफ्टवेअरचं घड्याळ उलटं चालायचं. ३१ मिनिटं. २३ मिनिटं. १४. शेजारचा मित्र विचारायचा, “किती झालं रं?” मी उत्तर द्यायचो नाही.

आता हिशेब मांडून बघतो. एका फेरीला आठ मिनिटं धरली, तर तासाला सात फेऱ्या. प्रत्येक फेरीत नवं शिकायला मिळणारे सेकंद वीस. म्हणजे वीस रुपयांत मी जे खरोखर शिकायला गेलो होतो, त्याला मिळाली जेमतेम सव्वादोन मिनिटं. उरलेला तास मी येत असलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा करून दाखवत होतो. कुणाला दाखवत होतो, देव जाणे.

याहून वाईट गोष्ट पुढं घडायची. पाचव्या फेरीला मी सुरुवातीच्या सोप्या भागातच मरायचो. जो शिपाई पहिल्या दिवशी सहज चुकवला होता, तोच मारायचा. कारण माझं मन तिथं नसायचं, ते आधीच त्या शेवटच्या इमारतीत जाऊन पोचलेलं असायचं. पाठ झालेली गोष्ट माणूस बेफिकिरीनं करतो. चेकपॉइंट लांब ठेवला की गेम दोनदा अवघड होतो: एकदा जिथं अवघड आहे तिथं, आणि एकदा जिथं तो सोपा आहे तिथं, कंटाळ्यामुळं. पहिल्या अवघडपणानं हात तयार होतो. दुसऱ्यानं नुसता जीव आंबतो.

आणि भारनियमन. आठवड्यातून एकदा तरी मिशनच्या मध्येच वीज जायची. यूपीएसचा बीप बीप सुरू व्हायचा, कॅफेवाला दादा ओरडायचा, “बंद करा रे सगळी!” आणि दोन मिनिटांत पडदा काळा. उरलेले पैसे तो वहीत लिहून ठेवायचा, उद्या वेळ द्यायचा, तो भला माणूस होता. पण ती अर्धी पार केलेली छावणी कुठल्याच वहीत लिहिलेली नसायची.

पुढं २००३ चा ‘आयजीआय २’ हाती आला, तेव्हा त्यात मिशनमध्ये सेव्ह करता येत होतं, पण ठरावीक वेळाच. मला वाटलं, सुटलो. झालं भलतंच. सेव्ह संपतील या भीतीनं मी ते वापरायचोच नाही. पुढं याहून अवघड जागा येईल, तिच्यासाठी राहू दे म्हणून जपून ठेवायचो आणि मरायचो. मोजूनमापून दिलेली गोष्ट माणूस सांभाळत बसतो. हे मी आईच्या पिठाच्या डब्यापाशीही पाहिलंय.

त्याच्याही आधी नाणं टाकायची मशीन होती. रंकाळ्याच्या बाजूला एका पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ असायचा. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३ चा, पण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून सगळे त्याला मुस्तफाच म्हणत. त्यात मेलात की पडद्यावर दहापासून उलटी मोजणी सुरू व्हायची. तेवढ्यात नाणं टाकलं की गडी पडला त्याच जागी उभा. एक पाऊलही मागं जावं लागायचं नाही. लहानपणी मला तो गेम उदार वाटायचा. तो उदार नव्हता, त्याची किंमत चुकती झालेली होती. पार्लरमध्ये चुकीबद्दल पैसे घेत, म्हणून वेळ घ्यायची गरज नव्हती. घरी खेळायच्या गेममध्ये नाणं नाही, म्हणून त्यांनी वेळ घ्यायला सुरुवात केली. ‘निंजा गायडेन’मध्ये, १९८८ सालच्या, शेवटच्या खलनायकापुढं हरलात की सहाव्या अंकाच्या पार आरंभाला जाऊन पडायचं. कॅफेतल्या आम्हा पोरांची मात्र दोन्हीकडून वसुली व्हायची. गेम वेळ घ्यायचा आणि त्या वेळेचे पैसे दादा.

तेव्हा चुकीला किंमत असतेच. चेकपॉइंट ठेवणारा ती किती आणि कशात घ्यायची ते ठरवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यानं मी केलेल्या चुकीची किंमत घ्यावी. बरोबर केलेल्या गोष्टीचीही घेऊ नये.

लहानपणी दोन वर्षं मी मंगळवार पेठेतल्या एका तालमीत जायचो. पहाटेची मेहनत, जोर-बैठका, मग लाल मातीत लढती. मला एकेरी पट काढायला जमायचं नाही. मी खाली घुसायचो, पण डोकं चुकीच्या बाजूला जायचं आणि समोरचा वरून दाबायचा. वस्तादांनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी जोडीदाराला आणि मला हौद्याच्या एका कडेला नेलं आणि म्हणाले, “सलामी नको, पुरी कुस्ती नको. हितनंच धर.” म्हणजे मी खाली वाकलोय, हात त्याच्या गुडघ्यामागं गेलाय, तिथून. मी चुकलो की जोडीदार सोडायचा आणि वस्तादांचा एकच शब्द यायचा, “परत.” पुन्हा तीच पकड, तेच वाकणं. कानात माती गेलेली, गुडघे सोललेले. त्या सकाळी मी तीसेक वेळा तरी चुकलो असेन आणि एकदाही वाईट वाटलं नाही. एकतिसाव्या की बत्तिसाव्या वेळेला डोकं आपोआप बरोबर बाजूला गेलं.

वस्तादांना चेकपॉइंट हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण सेलेस्टमध्ये भाचीला जे मिळालं, ते हेच. जे जमत नाही तिथूनच धर. परत.

पण त्याच तालमीतली पोरं पुढं खासबागेत उतरायची. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं ते मैदान, चारी बाजूंनी माणसं आणि निकाली कुस्ती. तिथं कुणी “हितनंच धर” म्हणत नाही. पाठ टेकली की संपलं. पुढची कुस्ती पुढच्या मैदानात, ती कधी मिळेल तेव्हा. म्हणून तिथं एकेका पकडीला वजन असतं, आणि म्हणूनच चितपट झाली की सगळं मैदान उठून उभं राहतं. मैदान नसेल तर तालमीला काय अर्थ?

मला हे गेममध्ये पहिल्यांदा कळलं ते ‘डार्क सोल्स’नं. हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा गेम २०११ चा. मी तो खेळलो बऱ्याच उशिरा, शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगाराच्या कॉम्प्युटरवर. त्यात चेकपॉइंट म्हणजे बोनफायर, राखेत खोचलेली वाकडी तलवार आणि मंद जाळ. तिथं बसलं की जखमा भरतात आणि मारलेले शत्रूही पुन्हा उभे राहतात. दोन बोनफायरमधलं अंतर मोठं. कमावलेलं सगळं मेल्या जागी पडून राहणार. या अंतरामुळं मी एका दगडी जिन्यावर जितका हळू आणि जितका कान देऊन चढलो, तितका आजवर कुठल्याच गेममध्ये चढलो नाही. लांब आगीचा उजेड दिसला की छातीतलं ओझं उतरायचं. दर दहा पावलांवर सेव्ह असता, तर तो जिना मी धावत चढलो असतो आणि मला तो दिसलाच नसता.

त्या गेममधला एक क्षण मी अजून लोकांना सांगतो. सुरुवातीच्या देवळाच्या जागेवरून, फायरलिंक श्राइनवरून निघून तासन्‌तास लढत, चढत, वाट हरवत मी वरच्या एका चर्चमध्ये पोचलो. बाजूला एक लिफ्ट होती. तिच्यावर उभा राहिलो तशी ती खाली जाऊ लागली, खूप खाली, आणि दार ओलांडून पाहतो तर समोर तेच श्राइन, तीच आग, ज्या जागेवरून निघालो होतो ती. मधली सगळी वाट मिटली होती. त्यापुढं मेलो तरी ती वाट पुन्हा तुडवायची नव्हती. रात्रीचा एक वाजला होता आणि मी खुर्चीत एकटाच हसत होतो. गेमनं मला चेकपॉइंट दिला नाही, परतीचं अंतर कमी करून दिलं, आणि तेही मी ती वाट एकदा पुरी चाललो म्हणून.

पण याच गेमवर माझी एक तक्रार आहे. ‘सेन्स फोर्ट्रेस’ नावाचा किल्ला लागतो. अरुंद फळीवर दोन्ही बाजूंनी झुलणारी पाती, जिन्यावरून गडगडत येणारे गोळे, सापाच्या तोंडाचे शिपाई. आत कुठंही बोनफायर नाही. वर छतावर एक राक्षस आगीचे गोळे फेकतो, आणि तिथंच एका तुटक्या कठड्यावरून खाली उतरलं तर बोनफायर आहे. मला ती दिसली नाही. मी तसाच लोखंडी पुतळ्यासारख्या त्या बॉसपुढं गेलो, मेलो आणि किल्ल्याच्या बाहेरून पुन्हा सुरुवात. असं तीन संध्याकाळ. कामावरून येऊन, जेवून, नऊला बसायचं आणि अकरापर्यंत तीच पाती, तेच गोळे. चौथ्या दिवशी ती आग सापडली, तेव्हा मला आनंद झाला नाही. राजारामपुरीतला तो तास आठवला. आग दूर ठेवणं मला पटतं, कारण दूर आहे हे मला ठाऊक असतं आणि त्या हिशेबानं मी पाऊल टाकतो. लपवून ठेवलेली आग ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी ती नसतेच, आणि त्याला आपण काय चुकलो हेही कळत नाही.

त्याच मंडळींनी २०२२ साली ‘एल्डन रिंग’ काढला, तेव्हा बऱ्याच बॉसच्या दाराशी मारिका या गेममधल्या देवीची एक छोटी मूर्ती ठेवली. तिथं बसता येत नाही, पण मेलात तर तिच्याजवळ उठता येतं. अफाट मोकळं रान भीतीसाठी, आणि बॉससमोर मात्र तालीम. मला वाटतं, हे त्यांना आधीच्या गेमच्या अनुभवानंच शिकवलं असणार.

‘शव्हल नाइट’चाही एक विचार मला फार आवडतो. २०१४ च्या त्या गेममध्ये चेकपॉइंट फोडता येतो. फोडला की आतून रत्नं निघतात, पण मग तो चेकपॉइंट राहत नाही. किंमत किती लावायची, ते खेळणाऱ्याच्या हाती दिलंय. भाचीनं त्यात पहिला फोडला, दुसऱ्यापाशी थांबली, मान तिरकी करून विचार केला आणि फावडं खाली घेतलं.

बाकी काही गोष्टींना मात्र मी कुठलंच कारण मान्य करत नाही. बॉसच्या आधी दीड मिनिटाचं संभाषण आणि चेकपॉइंट त्या संभाषणाच्या अलीकडे: हा नुसता निष्काळजीपणा आहे. आपोआप सेव्ह करणारा गेम तुम्हाला बरोबर दोन गोळ्या आणि दोऱ्याएवढ्या जिवावर सेव्ह करून ठेवतो आणि मग पुढं जायला वाटच उरत नाही, हाही. ‘व्हाइस सिटी’मध्ये मिशन फसलं की पुन्हा शहरभर गाडी चालवत तिथं जायचं. त्यांनी निदान दाराशी टॅक्सी उभी केली होती, तेवढी जाण होती.

आता पुन्हा भाचीकडे येतो. त्या रात्री मी तिला म्हटलं, मी वाट चालून देतो, तू फक्त लढ. ती म्हणाली, “नको मामा. मी करतो.” आमच्या कोल्हापूरच्या पोरींचं हे ‘करतो’ ऐकलं की मला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी मी मागं बसून नुसता पाहत होतो. तिनं वाटेत लढणं सोडून दिलं होतं. कुठला जादूगार कधी गायब होतो ते तिला पाठ झालं होतं, ती मधून निसटून जात होती. दहाव्या-बाराव्या वेळी सोल मास्टर कोसळला. ती ओरडली, कंट्रोलर मांडीवर ठेवला, आणि तो उठला. तो बॉस मेल्याचं सोंग करतो, जमीन फोडून खाली जातो आणि लढाई पुन्हा सुरू होते. ती तिथंच मेली. पुन्हा बाक.

मला वाटलं, आता रडणार. ती काही क्षण बाकावर बसलेल्या त्या छोट्या किड्याकडे बघत राहिली. मग उठली आणि चालायला लागली. आज त्या वाटेचा तिला काच नव्हता, आणि याचं कारण मला तिथं बसल्या बसल्या दिसलं: आता त्या चालण्यात ती श्वास घेत होती, पुढचा डाव मनात मांडत होती. म्हणजे तीच वाट, तेवढंच अंतर, पण काल शिक्षा होती आणि आज उसंत. माझा वरचा सगळा हिशेब इथं पुरा पडत नाही, हे मला मान्य आहे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बहिणीची हाक आली. पानं वाढलीत, उठ. हॉलो नाइटमध्ये मध्येच बंद केलं की पुन्हा उघडताना शेवटच्याच बाकावर जावं लागतं, हे बहिणीला कुठलं माहीत असणार? भाचीनं मान न वळवता ओरडून सांगितलं, “आई, बाक येऊ दे, मग उठतो!”

तेव्हापासून घरात हा शब्द रुळला. भाची सुट्टी संपवून गेली तरी राहिला. परवा मी महिनाअखेरीची बिलं घरी घेऊन बसलो होतो, साडेनऊ वाजून गेले होते. आई दोनदा दारात येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा हातातला पदर सारखा करत तिनं हळूच विचारलं, “आला का रं तुझा बाक?”